नववी ओळ

मला एकट्याला पाच माणसांचं नाटक करता येतं. आता पन्नाशी आली, पोट सुटलं, तरी लग्नकार्यात जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "होऊन जाऊ द्या." मग मी राजा होतो, राणी होतो, राणीची खवचट दासीही होतो, आणि दासीच्या वेळी बायका तोंडाला पदर लावून हसतात. हे शिकलात कुठे, असं लोक विचारतात. मी सांगतो, पाथर्डीला. पुढचं सांगत नाही. ते इथे लिहितो.

लढाईच्या दिवसांत मी पाथर्डीला शाळामास्तर म्हणून लागलो. वय बावीस. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून नगरहून निघालेली मोटार कोळशाच्या गॅसवर चाले, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ती ढकलायची असा शिरस्ता होता. मी उत्साहानं मागच्या बाजूला लागलो. पाथर्डीला पोचलो तेव्हा तोंड असं काळं झालं होतं, की मला घ्यायला आलेल्या हेडमास्तरांनी मलाच मोटारीवरचा हमाल समजून विचारलं, "आमचे नवे मास्तर कुठे उतरले रे?" त्या गावातली ही माझी पहिली भूमिका.

खोली मिळाली ती कापसाच्या एका बंद वखारीच्या मागे. दोन खोल्या, मध्ये एक भिंत, पुढे दोघांत मिळून एक अंगण. निघताना आईनं दोन गोष्टी बजावल्या होत्या: कुणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही, आणि आपलं आपण रांधून खायचं. मी आज्ञाधारक. दोन्ही पाळलं. गाव काही वाईट नव्हतं. पहिल्या आठवड्यात चार घरांतून चहाचं बोलावणं आलं. पण जो माणूस कुणाकडे चहा पीत नाही, त्याला पाचव्यांदा कुणी 'बसा' म्हणत नाही. श्रावणापर्यंत माझं असं झालं की शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्या तोंडातून बाहेर पडलेला एकमेव शब्द म्हणजे अंगणात शिरलेल्या शेळीला केलेलं 'हाड'.

मग मी बोलू लागलो. भिंतीशी. शाळकरी वयात पाठ केलेली नाटकं होती. चुलीवर भात ठेवायचा आणि तो शिजेपर्यंत एक अंक करायचा. राजाचा आवाज खर्जातला, राणीचा नाकातला. भात करपायचा, पण अंक पुरा व्हायचा.

एका संध्याकाळी राणीचं भाषण ऐन रंगात असताना भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तर, राणीला आज पडसं झालंय काय?"

पडसं मला झालं होतं. आणि पलीकडच्या खोलीत बाबा राहत होते; सारं गाव त्यांना बाबाच म्हणे.

बाबा जन्मापासून आंधळे. पन्नाशीचे असतील. दोरीच्या बाजा विणायचे. आसपासच्या गावांतून लोक झोळ आलेल्या बाजा बैलगाडीत उलट्या टाकून आणत. बाबा सुंभ पाण्यात भिजवत, हातानं मापत, आणि बाजेच्या एका अंगाला बसून विणत जात. मधूनच ताणलेल्या दोरीला टिचकी मारून ऐकत. आवाज मनासारखा आला तर पुढे, नाहीतर तीन वेढे सोडून पुन्हा. मी हे रोज येता-जाता पाहत होतो. पण त्यांच्याशी बोलत नव्हतो. आंधळ्या माणसाशी काय बोलायचं असतं, ते मला माहीत नव्हतं. त्यांच्यासमोरून जाताना मी चपला हातात घेऊन, श्वास धरून जात असे. हे दोन महिने चाललं होतं.

त्या पडशाच्या संध्याकाळी मी ओशाळून बाहेर गेलो आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणालो, "बाबा, तुम्हाला, त्रास, झाला, का?"

"न्हाई. पर तुमी माझ्याशी वर्गातल्यागत का बोलता? आन् रोज जाताना चपला काढता त्या का? मी देव हाय व्हय?"

तिथून आमचं जमलं. म्हणजे असं मला वाटत होतं.

त्या काळात मी कथा लिहीत असे. पुण्याच्या मासिकाला पाठवायच्या, पंधरा दिवसांत त्या परत यायच्या; घरची गाय इतक्या नेमानं गोठ्यात येत नाही. शेजारीच आंधळा माणूस मिळाल्यावर माझी लेखणी चेकाळली. दोन दिवस मी बाबांना लांबून न्याहाळलं आणि तिसऱ्या दिवशी आंधळ्या नायकाची गोष्ट लिहिली. नायक अंधारकोठडीत खितपत पडल्यासारखा जगतो आणि अखेरीस नायिकेच्या चेहऱ्यावरून हळुवार बोटं फिरवून तिला ओळखतो. शेवट लिहिताना मला स्वतःला हुंदका आला. ती मी बाबांना वाचून दाखवली. शाबासकी हवी होती.

बाबांनी सुंभ ओढत विचारलं, "ही बाई कोनाची कोन?"

"परकी. पण त्याचं तिच्यावर प्रेम आहे."

"आन् ह्यो तिचं तोंड चाचपतो?"

"हळुवारपणे."

"मार खाईल की मास्तर. आमच्याकडं परक्या बाईच्या तोंडाला हात लावला तर पायताण बसंल. आंधळा हाय म्हनून दोन जास्ती बसतील."

"मग तो तिला ओळखणार कसा?"

"जोडव्यांवरनं. खोकल्यावरनं. चुलीला फुंकर कशी घालती त्यावरनं. तुमी बायकू कशावरनं वळखाल, तोंड चाचपून?"

मी हसलो, कागद गुंडाळले आणि मनात म्हटलं, बिचाऱ्याला साहित्यातलं काय कळणार. गोष्ट तशीच मासिकाला पाठवली. ती नेमानं परत आली.

आता कार्डांकडे येतो.

बाबांना जगात एकच माणूस होतं, थोरली बहीण. आई लहानपणी गेली, तेव्हा तिनंच त्यांना वाढवलं आणि बोटांत बोटं अडकवून बाज विणायला शिकवली. ती दिली होती राहुरीकडच्या एका खेड्यात. महिन्या-दीड महिन्याला तिचं कार्ड यायचं. लिहायचा तिचा दीर, आणि हा दीर म्हणजे जगातला सर्वांत कंजूष लेखक. "आम्ही येथे खुशाल. पाऊस बरा. गाय व्याली. तुमची खुशाली कळवावी." संपलं.

पहिलं कार्ड वाचायला माझ्या हाती आलं तेव्हा मी ते मनात वाचलं आणि बाबांकडे पाहिलं. हातातला सुंभ खाली ठेवून, मान किंचित तिरकी करून ते बसले होते. महिनाभर वाट पाहायची, आणि चार ओळी? या आंधळ्या जिवाला दुसरं आहे काय? मला दया आली. मी घसा साफ केला आणि गाय व्याली.

काय व्याली म्हणता. आधी दावं तोडून पळाली. बहीण कंदील घेऊन मागे. दीर चिखलात आपटला. शेजारीण म्हणाली काय, बहिणीनं तिला उत्तर दिलं काय. वासराच्या कपाळावर चांद होता. मी बहिणीचा आवाज काढला, दिराचा काढला, हलक्या आवाजात गायीचाही काढला. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"लई झ्याक लिवतो की हो माझ्या बहिनीचा दीर," ते म्हणाले.

माझी एकही गोष्ट कुणी छापली नव्हती, आणि इथे पहिल्याच प्रयोगाला असा श्रोता. तेव्हापासून मी पोस्टमनची वाट पाहू लागलो, बाबांपेक्षा जास्त. ऐकून झालं की बाबा कार्ड मागून घेत, त्यावरून अंगठा फिरवत, आणि खुंटीला टांगलेल्या तारेच्या आकड्यात ओवून ठेवत.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो. परत आलो तेव्हा बाबा म्हणाले, "मी बी आलो भाऊबीज करून." पाथर्डीहून राहुरीकडे जायचं म्हणजे मोटारीनं नगर, तिथून रेल्वे, पुढे दोन कोस पायी. बरोबर कोण होतं, हे मी विचारलं नाही. कुणीतरी असणारच.

माघात एक कार्ड आलं. दिरानं नेहमीसारखं चार ओळींत लिहिलं होतं: "वहिनींची प्रकृती बरी नाही. अन्न जात नाही. तुमची आठवण काढतात. येऊन जावे."

बाबा मान तिरकी करून बसलेले. ऊन कललेलं होतं, अंगणात अर्धी विणलेली बाज. मी त्या क्षणी काय काय विचार केला ते मला आजही एकामागून एक आठवतं. हा माणूस कसा जाणार? नगरच्या स्टेशनावरच्या गर्दीत याला कोण धरणार? मला रजा नाही. उगाच झुरेल. चार दिवसांत बहीण बरी होईल, तसं कार्ड येईल, मग सगळंच सांगू. या सगळ्याच्या तळाशी आणखी एक विचार होता, तो मी त्या वेळी उचलून पाहिला नाही: बाबा गेले तर संध्याकाळी मी बोलू कुणाशी?

मी घसा साफ केला. बहिणीनं शेंगदाण्याचे लाडू केले, माकडानं डबा पळवला, बहीण माकडाला सासूच्या नावानं शिव्या देते आहे, असा मी प्रयोग केला. इतका उत्तम पुन्हा कधी झाला नाही. बाबा हसले. पण मध्येच म्हणाले, "बरी हाय ना ती?"

"ठणठणीत."

कार्ड तारेत गेलं.

होळीनंतर सकाळची शाळा सुरू झाली. एके दिवशी दुपारी मी घरी आलो तर पोस्टमन नुकताच अंगणातून निघत होता. एरवी तो बाबांच्या रांजणाचं पाणी प्यायल्याशिवाय हलत नसे. त्या दिवशी पाणी न पिता, माझ्याकडे न बघता निघून गेला. बाबा बाजेच्या काठावर बसले होते आणि कार्ड त्यांच्या दोन्ही हातांत होतं.

"वाचा मास्तर," ते म्हणाले.

कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. मयताची बातमी असली की कोपरा फाडून पाठवतात. असं कार्ड घरात ठेवत नाहीत, हे पोरासोरांनाही ठाऊक. मी तो फाटका कोपरा पाहिला. खालच्या तीन ओळी वाचल्या. सहा दिवसांपूर्वी गेली होती. तोंड आपोआप सुरू झालं. सवयच तशी लागली होती. म्हणालो, सगळे खुशाल आहेत. वासरू मोठं झालं. बहीण म्हणते, उन्हाळा फार आहे, पाणी जपून प्या.

फाटका कोपरा ही बघायची खूण आहे, असं मी धरून चाललो होतो. बोटांना ती डोळ्यांच्याही आधी कळते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"आनखी काय लिवलंय?" बाबांनी विचारलं.

"वासराला... गळ्यात घुंगरू बांधलंय."

"आनखी?"

"एवढंच."

"पुन्यांदा बघा. काई ऱ्हायलं आसंल."

मी म्हणालो, नाही, काही राहिलं नाही. बाबा उठले. कोपऱ्यातल्या हंड्याकडे गेले आणि भरला हंडा धोतर-बंडीसकट डोक्यावर ओतून घेतला. मयत कळल्यावर नेसत्या कपड्यांनिशी करतात ते स्नान मला समजावून सांगायची गरज नव्हती. ते आमच्या घरातच मी दहा वेळा पाहिलं होतं. बंडीच्या बाह्यांतून पाणी गळत होतं. ते तसेच येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"बहीन गेली, ते मला कळलं," ते म्हणाले. "आजारी कवा पडली, ते सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा मला एकाही पात्राचा आवाज सुचेना.

बाबा आत गेले, खुंटीवरची तार घेऊन आले. अगदी वरचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "हे वाचा. जेवडं हाय तेवडंच."

मी वाचलं. वहिनींची प्रकृती बरी नाही. अन्न जात नाही. तुमची आठवण काढतात. येऊन जावे.

"परत."

परत वाचलं.

"महिना झाला ह्याला."

"बाबा, मला वाटलं तुम्ही कसे जाणार. मोटार, मग रेल्वे, एवढी गर्दी—"

"मास्तर, वीस वर्सं जातोय मी भाऊबीजेला. एकला. नगरला हमाल मला हाक मारून डब्यात बसवतात. राहुरीच्या टेसनावर चहावाला माझी काठी वळखतो. तुमी कदी इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते दहाव्याला निघाले. मी रजा टाकतो, बरोबर येतो, म्हणालो. बाबा काठी चाचपत म्हणाले, "नगं. वाटंत टेसनांची नावं बी तुमी भलतीच वाचाल." त्यांच्या मागे मी मोटारअड्ड्यापर्यंत गेलो. वीस पावलं अंतर ठेवून, चपला हातात घेऊन, कळू नये म्हणून. चढताना ते मागे न वळता म्हणाले, "चपला घाला मास्तर. काटं हायती."

ते परत आले तेव्हा अंगणात माणूस तेवढा परत आला. टिचक्या ऐकू यायच्या, दोरी ओढल्याचा आवाज यायचा, बोलणं नाही. मीही नाटक बंद केलं. भिंतीपलीकडे ऐकणारा आहे हे माहीत असताना राजाचा आवाज काढायची लाज वाटे. भात न करपता शिजू लागला, आणि तो खाववत नसे. उन्हाळ्यात पाथर्डीला दुपारी असा वारा सुटतो की दारं आपोआप वाजतात. दर वेळी मला वाटे, बाबांनी हाक मारली. शेळी आली तर मी तिला हाकलत नसे.

असे तीन महिने गेले. आषाढात एका संध्याकाळी खरंच हाक आली. बाबा तार मांडीवर घेऊन बसले होते.

"सगळी वाचा. पयल्यापासनं. कार्डावर आसंल तेवडंच. आन् दर कार्डाच्या किती वळी ते सांगा."

मी चुलीवर पाणी ठेवून आलो होतो. वाचायला बसलो. चार ओळी. पाच ओळी. तीन. चार. सहा-सात महिने मी ज्यांच्यावर संध्याकाळच्या संध्याकाळ उधळल्या, ती सगळी कार्डं वाचून संपली तरी आत पाण्याला उकळी आली नव्हती.

"गाय खरी हुती का?" बाबांनी विचारलं.

"गाय खरी होती."

"आन् चांद?"

"चांद माझा."

ते थोडं हसले. मग म्हणाले, "ठावं हुतं मला. तळव्याएवडं कार्ड, त्यात एवडी माकडं मावतील व्हय? आन् माझी बहीन इतकी बोलनारी न्हवती. रोज दोन शबूद बोलली तर लई. मला वाटलं, मास्तरला बोलाया मानूस न्हाई, बोलू द्या. तुमची दया आली मला." मांडीवरची तार सारखी करत ते म्हणाले, "पर एकदा मी इचारलं हुतं, बरी हाय ना म्हनून. तवा खेळ न्हवता तो."

मी उठलो. घरातून सुई आणली. एकेक कार्ड घेतलं आणि जितक्या ओळी तितकी भोकं काठाला टोचली. बाबांनी प्रत्येकावरून बोट फिरवलं, ओठांत मोजलं, आणि तारेत ओवलं. माघातल्या कार्डाला चार भोकं होती. त्यावर त्यांचं बोट दोनदा फिरलं.

मग ते म्हणाले, "पानी उकळलं बगा तुमचं." मी म्हणालो, उकळू दे. आणि त्यांच्या रांजणातून तांब्या भरून घेऊन प्यालो. ते त्यांनी ऐकलं.

पुढच्या वर्षी माझी बदली श्रीगोंद्याला झाली. तिथली खोली चांगली होती, आणि भिंतीपलीकडे ज्वारीची पोती होती. आठव्या दिवशी मी बाबांना कार्ड लिहिलं. पोचलो, शाळा बरी, पाणी खारट, बाज विकत घेतली पण झोळ आहे, असं जेवढं होतं तेवढं. मोजून आठ ओळी. काठाला सुईनं आठ भोकं टोचली आणि पेटीत टाकलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. माझ्या जुन्या खोलीत आता नवे मास्तर राहत होते, अक्षर त्यांचं. बाबांनी सांगितलं ते त्यांनी जसंच्या तसं उतरवलं होतं: "कार्ड पोचले. भोके आठ लागली. मास्तरांनी ओळी नऊ वाचल्या. नववी अशी की, 'तुमची फार आठवण येते.' दोघांत लबाड कोण ते कळवावे."

ती ओळ मी लिहिली नव्हती. लिहायला घेतली होती. मग जेवढं आहे तेवढंच लिहायचं म्हणून सोडून दिली होती.

मी नवीन कार्ड घेतलं. लिहिलं: "नवे मास्तर खरे बोलले, नववी ओळ माझीच, टोचायची राहिली." आणि काठाला दोन भोकं पाडली, एक या ओळीचं आणि एक मागच्या कार्डाचं राहिलेलं.